फक्त नमुन्यापुरतं

आमच्या लॅबच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते: ‘वरील निष्कर्ष फक्त तपासलेल्या नमुन्यापुरते मर्यादित आहेत.’ नोकरीची पहिली काही वर्षं मी ती ओळ कधी वाचलीच नाही. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं कोण वाचतं?

पुण्यातल्या एका खासगी अन्नचाचणी प्रयोगशाळेत मी २००२ साली लागले. मसाले, तेल, दूध, पाणी, लोणची असं सगळं आमच्याकडे येतं. चहा त्यात अधूनमधून. पण कसं कोण जाणे, तयार चहातलं कॅफीन मोजायचं काम मला जे चिकटलं ते आजतागायत. यंत्राला मी आजवर किती कप चहा पाजला असेल याचा हिशेब नाही. तसं त्याचं पिणं फार नाही. एका वेळेला वीस मायक्रोलिटर, म्हणजे निम्म्या थेंबापेक्षाही कमी.

कॅफीनची माझी पहिली भेट मात्र यंत्राविना झाली. टीवायला असताना चहापत्तीतून कॅफीन काढायचं प्रॅक्टिकल होतं. पत्ती पाण्यात उकळायची, टॅनिन पाण्यातच राहावं म्हणून धुण्याचा सोडा घालायचा, गाळायचं, गार करायचं, आणि सेपरेटिंग फनेलमध्ये डायक्लोरोमिथेन घालून हलवायचं. कॅफीन त्या जड द्रावकात उतरतं आणि तळाशी बसतं. मी उत्साहाने फनेल असा काही हलवला की दोन थर वेगळे व्हायचं नाव घेईनात. मधे नुसता तपकिरी फेस. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “अगं, पाळणा हलवायचाय. ताक नाही घुसळायचं.” पुढचा तासभर मी तो फेस खाली बसायची वाट बघत बसले. शेवटी द्रावक उडून गेल्यावर जो हिरवट साका उरला, तो मंद तापवला आणि वर धरलेल्या गार काचेवर पांढऱ्या, केसासारख्या बारीक सुया जमल्या. रोज सकाळी पोटात जाणारी वस्तू पहिल्यांदाच वेगळी डोळ्यांसमोर होती, आणि तिला ना चहाचा रंग होता, ना वास. ही गोष्ट तेव्हाच नीट डोक्यात शिरली असती तर पुढच्या बऱ्याच चुका टळल्या असत्या.

मी लॅबमध्ये लागले तेव्हा १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा चालू होता. चहा आला की तो भेसळीसाठीच. ओल्या फिल्टर पेपरवर पत्ती पसरायची आणि रंग उतरतो का बघायचा, लोखंडाच्या किसासाठी लोहचुंबक फिरवायचा, वापरलेला चोथा वाळवून रंगवून विकलाय का ते तपासायचं. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, तो प्रत्यक्ष लागू झाला २०११ मध्ये. त्याच सुमारास बाजारात एनर्जी ड्रिंकचे डबे आले, ग्रीन टीच्या पुड्या आल्या, आणि लोक वेगळंच विचारू लागले: यात कॅफीन किती?

आमची पद्धत एचपीएलसीची. पेनाएवढी जाड, वीतभर लांब स्टीलची नळी, तिला कॉलम म्हणतात. आत पाच मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासून भरलेले. पंप त्यातून मिथेनॉल आणि पाण्याचं मिश्रण ढकलत राहतो. चहातले घटक या कणांना कमी-अधिक चिकटत, आपापल्या वेळेला बाहेर पडतात. दाराशी डिटेक्टर बसलेला, २७३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचा. कॅफीन तो प्रकाश भरपूर शोषतं. आमच्या सेटिंगला साधारण सहाव्या मिनिटाला स्क्रीनवरची सपाट रेघ उठते, शिखर करते, खाली येते. त्या शिखराखालचं क्षेत्रफळ शुद्ध कॅफीनच्या शिखराशी ताडून बघायचं. एवढंच. सहा महिन्यांत मला वाटू लागलं, आपल्याला चहातलं कॅफीन मोजता येतं.

पहिला दणका ब्लँकने दिला. ब्लँक म्हणजे चहा सोडून बाकी सगळं तेच: तेच पाणी, तीच भांडी, तोच फिल्टर. तिथे रेघ सपाट हवी. एका सोमवारी ब्लँकमध्ये नेमकी सहाव्या मिनिटाला टेकडी. लहानशी, पण आकार ओळखीचा. मी पाणी बदललं, मिथेनॉलची नवी बाटली फोडली, व्हायल नव्या घेतल्या, सुई तीनदा धुतली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले, तर रात्रपाळीचा मुलगा चहा गाळत होता. पाणी तापवायच्या आमच्याच स्टीलच्या किटलीतून. तिच्यातच दूध, पत्ती, साखर घालून रोज रात्री झक्क उकळायचा आणि सकाळी प्रामाणिकपणे विसळून ठेवायचा. मी किटलीवर चिठ्ठी चिकटवली: ‘चहासाठी वापरू नये.’ दुपारपर्यंत खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग ही आहे कशासाठी?’ प्रश्न रास्त होता. ती किटली चहाशिवाय दुसऱ्या कशासाठीच नव्हती.

त्या वेळी मी हसले. यंत्र बिनचूक असून उपयोगाचं नाही, गडबड त्याच्या दारापर्यंतच्या वाटेवर होते, हे तेव्हाच शिकायला हवं होतं. पण एका फटक्यात शहाणं होईल तो माणूस कसला.

दुसरा दणका मोठा होता. एका चहा कंपनीने उत्तम प्रतीच्या आसाम पत्तीचे नमुने पाठवले. प्रमाण ठरलेलं: शंभर मिलीलिटर उकळत्या पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, सहा मिनिटं. चव बघण्यासाठी चहा कसा करावा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यातलं हे माप. (त्याचा ब्रिटिश पूर्वज सहा पानांचा होता आणि चहा करायला सहा पानं लिहिल्याबद्दल तो काढणाऱ्या संस्थेला १९९९ साली विनोदी ‘इग नोबेल’ मिळालं.) हिशेब सोपा. पत्तीत तीन टक्के कॅफीन धरलं तर दोन ग्रॅममध्ये साठ मिलिग्रॅम. त्यातलं बरंचसं पाण्यात उतरायला हवं. माझा आकडा फारच कमी येत होता. त्याहून वाईट म्हणजे, एकाच चहाचे तीन नमुने तीन आकडे दाखवत होते. सगळ्यात स्वस्त भुकटीचा आकडा मात्र जागेवर.

आठवडाभर मी यंत्राला दोष दिला. इंजिनिअर येऊन गेला, बिल लावून गेला. मग एका संध्याकाळी टेबलावरचे बीकर आवरताना दिसलं, चांगल्या पत्तीचा चहा ढगाळ झालाय. सकाळी तो तांबूस, पारदर्शक होता. एसीत गार होऊन त्यात दूध टाकल्यासारखी गढूळ छटा आली होती. मी तो तसाच बारीक फिल्टरमधून गाळून यंत्राला देत होते.

चहाच्या धंद्यातले लोक याला ‘क्रीम होणं’ म्हणतात. चहा निवला की कॅफीन आणि चहाला रंग देणारे पॉलिफेनॉल एकमेकांना धरतात आणि न विरघळणारे बारीक कण होतात. चव बघणारे याला चांगल्या चहाची खूण मानतात. म्हणजे चहा जितका चांगला, तितकं जास्त कॅफीन मी फिल्टरवर अडवून कचऱ्यात टाकत होते आणि उरलेलं मोजत होते. बीकरकडे नुसतं बघितलं असतं तरी पुरे होतं. मी स्क्रीनकडे बघत होते.

तेव्हापासून नियम केला: चहा गाळला की गरम असतानाच मोजून घ्यायचा आणि दहापट पातळ करायचा, मग कण धरतच नाहीत. गेलेले रिपोर्ट परत मागवले. कंपनीच्या माणसाचा आवाज फोनवर थंड होता. त्यांनी पुढे नमुने पाठवले नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक होती असं मला वाटत नाही.

दुधाच्या चहाने वेगळी खोड मोडली. दुधातली प्रथिनं कॉलममध्ये गेली की अडकतात. कॅरेझची द्रावणं, एक फेरोसायनाइडचं आणि एक जस्ताचं, घालून ती आधी साकळवावी लागतात, मग गाळायचं. एकदा घाईत मी ती पायरी गाळली. चौथ्या इंजेक्शनला पंपाचं प्रेशर चढत चढत लाल रेषेला टेकलं आणि यंत्र बंद. कॉलमची किंमत तेव्हाच्या माझ्या दोन पगारांइतकी. आमच्या मॅडम ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “चहा नासवल्याशिवाय आत सोडायचा नाही.” नव्या मुलांना मी आजही हेच वाक्य सांगते. त्यांना ते विचित्र वाटतं, म्हणूनच लक्षात राहतं.

मग एक अमृततुल्यवाले आले. त्यांना दुकानात पाटी लावायची होती: आमच्या एका कपात इतकं कॅफीन. त्यांनी थर्मास पाठवला, मी आकडा दिला. खात्री करावी म्हणून दुपारी पुन्हा पाठवला. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास दीडपट. ते स्वतः लॅबमध्ये आले. “मॅडम, पत्ती तीच, दूध तेच, हात माझाच. मग आकडे दोन कसे?”

उत्तर लॅबमध्ये बसून मिळणार नव्हतं. एका शनिवारी सकाळी सहाला मी दुकानात जाऊन बाकावर बसले. पितळी पातेल्यात पाणी, साखर, ठेचलेलं आलं आणि वेलदोडा. मग भुकटी, पण चमच्याने नव्हे, डब्याच्या झाकणाने. सकाळी सहाला झाकण सपाट होतं. आठला गर्दी वाढली आणि झाकणावर शीग चढली. मधूनच चोथा न काढता त्यावरच नवं पाणी आणि नवी भुकटी. अकराला गिऱ्हाईक विरळ झालं, पातेलं मंद आचेवर तसंच राहिलं. पाणी उडत होतं, कॅफीन उडत नव्हतं. उकळून ते नष्टही होत नाही. सीटीसी भुकटी इतकी बारीक असते की बहुतेक कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच उतरून जातं. पुढच्या उकळीने वाढतो तो रंग आणि तुरटपणा. पण पाणी आटलं की उरलेलं सगळंच दाट होतं.

त्या बाकावर मला दुसरीही गोष्ट दिसली. ‘एक कप’ असं काही नसतंच. कटिंगचा ग्लास वेगळा, ‘स्पेशल’चा वेगळा, ऑफिसातल्या पार्सलचा कागदी कप तर आणखी वेगळा. मी त्यांना म्हटलं, “एक आकडा नाही देता येणार. इथपासून इथपर्यंत असं सांगू शकते.” ते म्हणाले, “इथपासून इथपर्यंत पाटीवर कसं लिहू?” शेवटी त्यांनी पाटी लावली: ‘लॅबमध्ये तपासलेला चहा.’ त्यात खोटं काहीच नव्हतं.

या कामाने लोकांच्या मनातला चहाही बराच दाखवला. गडद म्हणजे कडक, कडक म्हणजे कॅफीन जास्त, हा समज तर सार्वत्रिक. कॅफीनला रंग नाही हे टीवायला काचेवर पाहिलेलं मी प्रत्येकाला सांगते. ग्रीन टीत कॅफीन नसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणणारे भेटतात. असतं. कॅफीन झाडातच असतं, कोवळ्या कळीत आणि पहिल्या पानात सर्वात जास्त, कारण किडीपासून राखण करायला झाड ते बनवतं. पान नंतर काळं करा की हिरवं ठेवा, ते कुठे जाणार? उलट ग्रीन टीने एकदा मलाच फसवलं. आकडा अवास्तव मोठा आला. शिखर ताणून बघितलं तर त्याच्या खांद्यावर दुसरं शिखर बसलेलं, कॅटेचिनचं. मी दोघांचं मिळून क्षेत्रफळ कॅफीनच्या नावावर टाकलं होतं.

‘चहात थेईन असतं, कॅफीन नव्हे’ हेही ऐकू येतं. कॉफीतून कॅफीन वेगळं केलं रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ मध्ये. १८२७ मध्ये चहातून असाच पदार्थ निघाला, त्याला थेईन नाव पडलं. दोन्ही एकच आहेत हे १८३८ पर्यंत कळलंही होतं. पण नाव एकदा पडलं की निघत नाही. एक आजी गवती चहाची जुडी पिशवीत घालून आल्या होत्या. झोप लागत नाही म्हणून सुनेने तो बंद केला होता, का, तर नावात चहा आहे. ते गवत आहे, त्यात कॅफीन नसतं, हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. पण सुनेला कागद हवा होता, तो मी दिला.

एक प्रकरण मात्र अजून टोचतं. ‘कॅफीनमुक्त’ म्हणून विकायच्या एका वनस्पती-चहाचा नमुना आला होता. मी सवयीने तोही दहापट पातळ केला, रेघ सपाट दिसली, रिपोर्टवर लिहिलं: ‘आढळलं नाही.’ काही महिन्यांनी त्याचाच दुसरा नमुना आला. त्या वेळी हाताखाली एक नवी मुलगी होती. तिने विचारलं, “मॅडम, यात नसणारच असेल तर पातळ कशाला करायचा?” पातळ न करता लावला. सहाव्या मिनिटाला टेकडी, किटलीवाल्या ब्लँकसारखी, लहान आणि ओळखीची. जुना नमुना राखून ठेवलेला होता, तोही लावला. त्यातही होतीच.

मी लिहिलेलं ‘आढळलं नाही’ खोटं नव्हतं. मला आढळलं नव्हतंच, कारण मी शोधलंच तसं होतं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, “पहिला रिपोर्ट चालेल की आम्हाला.” दोन दिवस गोडीने, मग चढ्या आवाजात. मॅडमनी सुधारित रिपोर्टवर सही केली आणि पहिला रद्द केल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. त्या दिवसापासून मी ‘आढळलं नाही’च्या शेजारी किती प्रमाणापर्यंत शोधलं ते लिहिल्याशिवाय कागद पुढे सरकवत नाही. आणि तळाची ती बारीक ओळही त्याच आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचली.

मागच्या वर्षी बाबांची छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, “चहा किती?” बाबा म्हणाले, “दोन कप.” आईने माझ्याकडे बघितलं. बाबा एसटीत कंडक्टर होते. स्टँडवरच्या चहावर तीस वर्षं काढलेला माणूस आणि दोन कप?

मी रविवारी घरी जाताना लॅबमधून मोजनळी, पिपेट, डिस्टिल्ड वॉटर आणि दोन फ्लास्क नेले. आईने नेहमीसारखा चहा ठेवला. तिचा चमचा तोलला, तर शीग लावून तो लॅबच्या मापाच्या जवळपास दुप्पट भरला. चहा गाळल्याबरोबर ओट्यावरच गरम गरम मोजून पातळ केला. आई म्हणाली, “एवढ्यात माझे चार चहा झाले असते.” दिवसभर बाबांचा प्रत्येक चहा मोजनळीतून गेला. सात वेळा. ‘घोटभर’, ‘अर्धाच’, ‘तुझ्याबरोबर म्हणून’, असे सात. मिळून साडेपाचशे मिलीलिटर. सोमवारी नमुना लावला. हिशेब आला दिवसाला साधारण अडीचशे मिलिग्रॅम.

त्या आकड्याने मीच चकित झाले, कारण तो भीतीदायक नव्हता. निरोगी प्रौढाला दिवसाला चारशेपर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये म्हटलंय. पण लिटरमागे बघितलं तर आईचा चहा साडेचारशेच्या घरात. आपल्याकडे कॅफीनयुक्त पेयांना लिटरला तीनशेची मर्यादा आहे. नातवाच्या हातातून एनर्जी ड्रिंकचा डबा काढून घेणारी आजी त्याहून दाट पेय बशीत ओतून देत होती. फरक फक्त बशीच्या आकाराचा.

डॉक्टरांनी आकड्यापेक्षा माझी वेळांची यादी जास्त वेळ बघितली. शेवटचा चहा रात्री साडेनऊला होता. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. त्यांनी बाकीच्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, “तूर्त संध्याकाळनंतरचे बंद करा.”

घरी बाबांनी रिपोर्ट मागून घेतला. मी तो रीतसर लॅबच्या कागदावर काढला होता. चष्मा लावून त्यांनी वरपासून वाचला आणि तळाच्या ओळीशी थांबले. “हे काय? फक्त नमुन्यापुरते?”

मी समजावायला लागले. आईचा चमचा रोज तेवढाच भरेल असं नाही, दूध कमी-जास्त होईल, उकळी लांबेल, पत्ती बदलेल. मी मोजला तो त्या रविवारचा चहा, आजचा नव्हे.

बाबांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. म्हणाले, “म्हणजे आपल्या तिकिटासारखं की. त्याच फेरीपुरतं.”